बंद पार्क, चार वारस आणि एक भिंत : बडोद्यातलं एक प्रकरण

आधी थोडं

ही गोष्ट माझ्या आजोळच्या, बंद पडलेल्या राइड्सच्या पार्कची आहे, म्हणून नावं, एरिया, सर्व्हे नंबर काहीच देत नाहीये. बडोद्यातली मंडळी ओळखतील ती ओळखोत, फक्त मामांना फोन करून विचारू नका, ते आधीच वैतागलेत. मी सिव्हिलवाला, कलाभवनातून (इथलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज) शिकलेला, आणि आपल्याकडे घरात एक इंजिनिअर असला की त्याला गिझरपासून जमिनीपर्यंत सगळं विचारतात, तसाच मी यात ओढला गेलो. लिहितोय कारण विश्वामित्री नदीच्या काठावर अशा बंद पडलेल्या जागा असलेले अजून दोघं-तिघं मला भेटले, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "इथे आता काय उभं करायचं?" आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि बरेच महिने घालवले.

पार्श्वभूमी

आजोबांनी शेती म्हणून घेतलेली जमीन, पंधराएक विघे (गुजरातेतलं जमिनीचं माप), एक बाजू रस्त्याला, दुसरी बाजू उतरत उतरत कोतरात जाते. (बडोद्याबाहेरच्यांसाठी, कोतर म्हणजे नदीच्या काठाने पाण्याने कापलेल्या घळी, विश्वामित्रीला दोन्ही बाजूंनी आहेत.) नव्वदच्या दशकात मामा लोकांनी तिथे पार्क काढला. आकाशपाळणा, टोराटोरा, कोलंबस, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन, डॅशिंग कार, नंतर वेव्ह पूल आणि चार घसरगुंड्या. त्या काळी दांडिया बझार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतला एक तरी वाढदिवस तिथे झालेला असायचाच. कँटीनमध्ये सेव उसळ मिळायची आणि खरं सांगायचं तर निम्मी माणसं त्यासाठीच यायची.

मग मोठे चकाचक पार्क आले, मामांचं मागे पडायला लागलं. मार्च २०२० ला कोविडमध्ये बंद केलं ते नंतर नीट उघडलंच नाही, शनिवार-रविवार चालायचं. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्यानंतर शहरात कुठलेच आईबाप मुलांना अशा ठिकाणी पाठवायला तयार होईनात, आणि त्यात त्यांचं काय चुकलं. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनची आग, २७ जण गेले. राज्यभर राइड्स बंद, नवे नियम आले, तपासणी, सर्टिफिकेट, फाउंडेशनचे कागद. मामांकडे तीस वर्षांपूर्वीच्या आकाशपाळण्याचं ड्रॉइंग पण नव्हतं, बनवणारा कारागीर केव्हाच वारलेला.

आणि मग ऑगस्ट २०२४. जन्माष्टमीच्या दिवशी पाऊस लागला तो थांबेचना. नदीवरच्या काळाघोड्याच्या पुलाला धोक्याची खूण २६ फुटांवर आहे, नदी ३७ पर्यंत गेली. बडोद्याचा माणूस पावसाळ्यात सकाळी चहाआधी दोन आकडे विचारतो, आजवा (वरचं धरण) किती आणि काळाघोडा किती. त्या आठवड्यात हे आकडे ऐकायचीच भीती वाटायची.

अडचण नेमकी काय

पाणी ओसरल्यावर शहराची काय हालत होती ते सगळ्यांनी बघितलंय, रस्त्यावर फ्रीज-सोफ्यांचे ढीग, गाड्यांमध्ये चिखल. पार्कात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गुडघ्याखाली नुसता गाळ. कँटीनच्या भिंतीवर मोठ्या मामांनी २०१९ च्या पुराची रेघ मारून ठेवली होती, (३१ जुलै २०१९, एका दिवसात वीसेक इंच पाऊस, विसरणं शक्य नाही), नवी खूण तिच्यावर पार दोन-अडीच फूट. चोकीदार लांबूनच ओरडला, "साहेब, आगळ ना जता, पूल मां मगर छे." खरंच होती. वेव्ह पूलमध्ये, निवांत.

पण मगर ही अडचण नव्हती, ती फॉरेस्टवाल्यांनी दुसऱ्या दिवशी नेली. खरा घोळ घरातला. जमीन आजोबांच्या नावावरून चार जणांत आलेली, मोठे मामा, धाकटे मामा, मावशी, आणि मधले मामा वारल्यामुळे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, जो टेक्सासला असतो. मोठे मामा ब्याऐंशीचे, त्यांना पाळणा परत फिरलेला बघायचाय. धाकट्या मामांना विकून मोकळं व्हायचंय. मावशी म्हणते तुम्ही ठरवा, आणि काही ठरवलं की म्हणते मला विचारलं नाही. विमा इमारतींचा होता, राइड्सचा केव्हाच लॅप्स. लाइट बिल, चोकीदाराचा पगार, टॅक्स चालूच.

पर्याय, आणि त्यांच्यावर झालेली भांडणं

पहिला पर्याय मोठ्या मामांचा, दुरुस्त करून परत चालू करा. मी राइड्सच्या मेंटेनन्सवाल्या एका मित्राला घेऊन गेलो. मोटर, गिअरबॉक्स, पॅनल बदलता येतात, पैशांचा प्रश्न, बाकी काही नाही. पण पाळण्याचे आरे पोकळ पाइपचे. त्याने खालच्या एका पाइपला बारीक भोक पाडलं, पूर जाऊन दोन महिने झाले होते तरी आतून तांबडं पाणी गळायला लागलं, ते थांबेचना. बाहेरून रंग चांगला, आतून पाइप गंजत बसलेला. वेल्डजवळ जाडी मोजली तर काही ठिकाणी निम्मी. मित्र म्हणाला, मी यावर सही करणार नाही, आणि कोणी केली तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियाला राइड तुटून दोन माणसं मेली होती, मामांना ते आठवत होतं. ते काही बोलले नाहीत, पाइपातून गळणाऱ्या पाण्याकडे बघत उभे राहिले. तो पर्याय तिथेच संपला.

दुसरा, बिल्डर. त्याचं गणित सोपं होतं, खालच्या भागात आठ-दहा फूट माती भरायची, लेव्हल करायची, प्लॉट पाडायचे. जंत्रीच्या (सरकारी दराच्या) वर चांगला भाव देत होता, धाकटे मामा तर पेनाचं टोपण काढून बसलेले. इथे माझं काम आलं. खालची बाजू डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) हिरव्या पट्ट्यात, शिवाय विश्वामित्रीच्या केसमध्ये हरित लवादाचा २०२१ चा निकाल आहे, कोतरं आणि पुराचं क्षेत्र जपायचं म्हणून. कागदाचं म्हणाल तर बिल्डर म्हणाला "ते मी बघतो", या वाक्याचा अर्थ आपल्याला कळतो. पण कागद बाजूला ठेवला तरी, तिथे माती भरली की तेवढं पाणी कुठेतरी जाणारच, शेजारच्या सोसायटीत किंवा समोरच्या काठावर. निर्णय मात्र माझ्या सांगण्याने झाला नाही, मामींनी केला. त्या म्हणाल्या, "आपण छातीएवढं पाणी बघितलंय, आणि लोकांना तिथे घरं विकायची? सकाळी तुळशीला पाणी घालताना मला नाही जमणार ते." धाकट्या मामांनी टोपण परत लावलं, पण आठ दिवस जेवायला आले नाहीत.

तिसरा, पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नकार्यांना भाड्याने द्यायचं मोकळं ग्राउंड. हा सगळ्यांना थोडा थोडा पटत होता, म्हणजे कोणालाच पूर्ण नाही. चौथा, सरकारला देऊन टाकायची, पाणी साठवायच्या तळ्यासाठी, बदल्यात दुसरीकडे काहीतरी. त्यासाठी एका कचेरीत सहा खेपा झाल्या, प्रत्येक वेळी वेगळ्या टेबलावर पहिल्यापासून गोष्ट सांगायची. सातव्या खेपेला मी गेलो नाही.

पाचवा पर्याय कोणी बोललं नाही पण तोच चालू होता, काहीच न करणं. प्री-वेडिंगवाले फोन करायचे, बंद पाळणा, वेली चढलेल्या, त्यांना ते "व्हाइब" हवं होतं. येत होते चार पैसे. इथे टेक्सासवाला भाऊ कामाला आला. त्याने व्हिडिओ कॉलवर न्यू ऑर्लिन्सच्या पार्कची गोष्ट सांगितली. २००० साली जॅझलँड नावाने उघडला, दोन सीझनमध्ये दिवाळं, मग सिक्स फ्लॅग्जने घेतला, आणि ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ. पार्क महिनाभराहून जास्त खाऱ्या पाण्यात. कंपनीने परत उघडला नाही, कराराची भांडणं, मग जागा शहराच्या ताब्यात, मग एकापाठोपाठ एक प्रस्ताव, कोणी नवा पार्क म्हणे, कोणी मॉल, सगळे कोसळले. गेटावर "वादळामुळे बंद" ही पाटी वर्षानुवर्षं तशीच. सिनेमावाले शूटिंगला यायचे, भाडं मिळायचं. पाडायला सुरुवात झाली २०२४ ला. म्हणजे एकोणीस वर्षं! भाऊ म्हणाला, "दादा, आपलं पण असंच होणार, फक्त आपल्याकडे हॉलिवूडच्या जागी लग्नवाले."

आणि जाता जाता त्याने जे सांगितलं त्याने पूर्ण प्रकरण फिरलं. त्या पार्कच्या चारी बाजूंनी सहा फुटांचा मातीचा बंधारा होता, पूर अडवायला. पंप बंद पडले आणि त्याच बंधाऱ्याने पाणी आत धरून ठेवलं. त्यातला एक रोलर कोस्टर मात्र वाचला, कारण त्याचा प्लॅटफॉर्म उंच आणि लोखंड न गंजणाऱ्या प्रकारचं, तो उचलून सॅन अँटोनिओला नेला आणि २००८ पासून गोलायथ नावाने चालतोय, भाऊ स्वतः त्यात पोरांना घेऊन बसलाय.

मी फोन ठेवला आणि मला आपली भिंत आठवली.

भिंत

२०१९ च्या पुरानंतर मोठ्या मामांनी कोतराच्या बाजूने सात फुटांची पक्की भिंत बांधली होती, खाली एकच पाइप पाणी जायला. खूप अभिमान होता तिचा. मी चोकीदाराला विचारलं, २०२४ ला बाहेरचं पाणी कधी उतरलं? म्हणे चौथ्या दिवशी. आणि आतलं? नवव्या. पाइप पहिल्याच दिवशी प्लॅस्टिक-गाळाने बंद, नदी भिंतीवरून आत आली आणि आतच राहिली. जे लोखंड तीन-चार दिवस बुडलं असतं ते नऊ दिवस बुडलं.

हे मी मामांना कसं सांगणार होतो? दोन आठवडे सांगितलंच नाही. शेवटी लेव्हल मशीन लावून पूर्ण जागेच्या उंच्या काढल्या, कागदावर निळ्या पेन्सिलने पाणी रंगवलं आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे मी हौद बांधला." मी म्हटलं मामा, तेव्हा मीही तिथे होतो, मीच तुम्हाला सिमेंट कुठलं घ्यायचं ते सांगितलं होतं. हे खरं आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण यावर लोक हमखास चुकतात, भिंत काढली म्हणून पाणी कमी चढणार नाही. नदी ३७ वर आली तर पाणी चढायचं तेवढं चढेलच. फक्त ते उतरेल नदीबरोबर, मागे थांबणार नाही. तर मग प्रश्न "काय उभं करायचं" असा राहिलाच नाही, प्रश्न झाला की या जागेतला कुठला तुकडा पाण्याचा आणि कुठला आपला. रस्त्याकडचा साधारण एक तृतीयांश भाग २०२४ ला पण कोरडा होता किंवा घोट्याएवढ्या पाण्यात. बाकीचा नदीचा, सातबारावर नाव कोणाचंही असो.

काय केलं

कागद आधी. पेढीनामा (वंशावळ), वारसाई, भावाची पॉवर ऑफ ॲटर्नी, ती ह्यूस्टनच्या कॉन्सुलेटमधून होऊन यायला बरेच महिने गेले, कारण पहिल्या खेपेला मामाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. बिनखेतीचा (एनए, म्हणजे शेतीशिवायच्या वापराचा) हेतू पण बघावा लागतो, करमणुकीसाठी एनए आहे म्हणून तिथे काहीही करता येत नाही.

दरम्यान भंगार. हात रिकामे होते म्हणून दिवाळीच्या आसपास भंगारवाल्याला लावलं, वजनकाट्यावर किलोच्या भावाने. त्याने आधी मोटरी आणि तांबं नेलं, मग पाळणा कापला, मग जाड जाड लोखंड, आणि एक दिवस यायचा बंद झाला. मागे राहिलं ते फायबर. घसरगुंड्या, ड्रॅगनची तोंडं, बदकाच्या होड्या. फायबरला भंगारात कोणी विचारत नाही, वितळत नाही, जाळता येत नाही, उचलायचे उलटे आपल्याला पैसे द्यावे लागतात. कराराच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, फायबर उचलेल त्यालाच लोखंड, आणि तांबं सगळ्यात शेवटी. ही चूक आम्हाला भंगारातून आलेल्या पैशांच्या चांगल्या मोठ्या हिश्श्याला पडली.

दुसरी चूक सरळ माझी. वेव्ह पूलमध्ये पाणी सडत होतं, डास, वास, सोसायटीच्या तक्रारी, म्हणून मी पंप लावून दोन दिवसांत रिकामा करवला. आजूबाजूची काळी माती तेव्हा पाण्याने टच्च फुगलेली, जमिनीतलं पाणी वर. आतलं वजन गेलं की रिकामा हौद होडीसारखा वर उचलायला बघतो, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. तिसऱ्या दिवशी पूलचा तळ मधोमध फुगून तडकलेला. शेवटी त्याला भोकं पाडली, माती भरली, आता त्यात झाडं आहेत, म्हणजे निस्तरलं, पण तोच पूल पावसाचं पाणी साठवायला वापरता आला असता. थोडं थांबून, जमिनीतलं पाणी उतरेल तसं हळूहळू काढायला हवं होतं.

भिंतीचं काम फेब्रुवारीत सुरू करायचं होतं. शेजारच्या सोसायटीला कळलं, तीसेक माणसं गेटवर. मला वाटलं पाण्यासाठी आलेत. पाण्याबद्दल एकाने विचारलं, बाकी सगळ्यांना भीती मगरीची. भीती काही उगाच नाही, शहरातल्या नदीच्या पट्ट्यात २०२५ च्या मोजणीत चारशेच्या वर मगरी निघाल्या. तोच निळ्या पेन्सिलचा कागद घेऊन मी त्यांच्या क्लब हाऊसमध्ये गेलो, त्यांच्या बाजूची भिंत राहणार, उलट खालून बंद करणार, फक्त कोतराची बाजू उघडणार आणि आत आपल्या वरच्या भागाला जाळी. एक रिटायर्ड बेन होत्या, त्यांनी असे खोचक प्रश्न विचारले की माझ्या ऑफिसात कोणी विचारत नाही, शेवटी त्याच आमच्या बाजूने बोलल्या. भिंतीचं ठरायच्या आधीच त्यांच्याकडे गेलो असतो तर दीड महिना वाचला असता.

मग फॉरेस्टवाल्या भाईंनी उतारावर मगरीचं बीळ दाखवलं. फेब्रुवारी ते एप्रिल मगरी अंडी घालतात, पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं निघतात, आणि मगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, हात लावायचा प्रश्नच नाही. त्यामुळे कोतराच्या बाजूची निम्मी भिंत आम्ही लगेच पाडली, बिळाच्या दिशेची तशीच ठेवली. त्या वेळी चरफडलो. जेसीबीवाला दिवसाच्या भाड्याने उभा होता.

आत्ता काय आहे

वरच्या भागात दोन बॉक्स क्रिकेट, ते जाळी आणि टर्फ, उद्या गुंडाळून नेता येईल असं. बाकी मोकळं ग्राउंड. सगळ्यात पहिलं उत्पन्न कशाचं? २०२५ च्या नवरात्रात जवळच्या गरब्याच्या पार्किंगचं. धाकटे मामा स्वतः पावत्या फाडत उभे होते आणि खूष होते. खालच्या भागात काहीही पक्कं नाही, गवत, अर्जुन, जांभूळ, करंज लावलेत, चालायची पायवाट. मेरी-गो-राऊंड मोठ्या मामांसाठी ठेवलंय, फिरत नाही, फिरवलं की परत नियम आले, घोडे तेवढे रंगवून सावलीत बसवलेत, पोरं त्यावर बसून चिप्स खातात.

बिल्डर देत होता त्याच्या जवळपासही पैसे यात येत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. खर्च निघतो, थोडं वाटायला उरतं, आणि वर्षातून एकदा कोणीतरी "तेव्हाच विकायला हवं होतं" म्हणतं, यंदा मावशी म्हणाली. उरलेली निम्मी भिंत अजून आहे. दिवाळीनंतर पाडू म्हणत होतो, पावत्या आणि लग्नसराईत राहून गेलं.

आणि खरी परीक्षा झालेली नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात शहरात नदीचं पात्र खोदून रुंद करायचं काम झालं, आणि त्या पावसाळ्यात २०२४ सारखा पूर आलाच नाही, त्यामुळे आमचं गणित बरोबर की नशीब, ते मला सांगता येत नाही. एका जोराच्या पावसात खालचा भाग भरला. मोठे मामा छत्री घेऊन कँटीनच्या पायरीवर उभे, खिशात खडू, भिंतीवर नवी रेघ मारायला. पाणी पायरीच्या खालीच थांबलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गवत दिसायला लागलं. मामा म्हणाले, "खडू राहू दे इथेच," आणि तो कँटीनच्या खिडकीत ठेवला, अजून तिथेच आहे.